पॉवरशेलच्या डायलॉगमध्ये ‘नो’ दाबलं तरी फायली डिलीट होतात, तेव्हा काय बघायचं

आधी अडचण सांगतो, कारण हीच अडचण वेगवेगळ्या रूपात येते आणि दरवेळी नवीन आहे असं वाटतं. पॉवरशेलची (विंडोजमधल्या कमांडच्या भाषेची) स्क्रिप्ट आहे, तिच्यात मेसेजबॉक्स टाकून "जुन्या फायली काढायच्या का?" असं विचारलंय, यस आणि नो अशी दोन बटणं, आणि समोरच्या माणसाने नो दाबलं तरी स्क्रिप्ट पुढं जाते आणि फायली काढून मोकळी होते. कधी उलटं, यस दाबलं तरी काहीच होत नाही. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे रोज होत नाही, महिन्यातून एखाद्या दिवशी होतं, आपण जाऊन बघतो तर सगळं व्यवस्थित चालू.

माझ्याकडं हे सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात झालं. हळदीचं काम, सौदा झाला की शेतकऱ्याची हिशोबपट्टी निघते, तिची पीडीएफ कॉम्प्युटरवर साठते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला तेव्हा शेठच्या घरी ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर पाण्यात गेला, त्यात तीन वर्षांच्या पट्ट्या होत्या, तेव्हापासून शेठचं एकच, "कॉपी दोन पायजेत, एक इथं आणि एक वरच्या मजल्यावर." म्हणून मी संध्याकाळची स्क्रिप्ट लिहून दिली, ती पट्ट्या बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करते आणि मग नव्वद दिवसांपेक्षा जुन्या पट्ट्या कॉम्प्युटरवरून काढायच्या का असं विचारते, कारण कॉम्प्युटरची डिस्क लहान आहे.

एका संध्याकाळी दिवाणजींचा फोन, "दादा, मी नोच दाबलं ओ, तरी सगळ्या गेल्या." दुसऱ्या दिवशी एक शेतकरी चार महिन्यांपूर्वीची पट्टी बघायला येणार होता म्हणून त्यांनी मुद्दाम नो दाबलेलं. दुकानात सगळ्यांचं मत पडलं की दिवाणजींनी गडबडीत यस दाबलं असणार. मीपण तेच धरून चाललो, पट्ट्या हार्डडिस्कवरून परत आणून दिल्या आणि निघालो. पुढच्या महिन्यात परत तेच. वीस वर्षं वहीत एक आकडा न चुकवलेला माणूस दोनदा सांगतोय की मी नो दाबलं, आणि आपण त्याच्याकडं संशयाने बघतोय, हे बरोबर नव्हतं आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. ते बरोबर होते, स्क्रिप्ट चुकीची होती.

पुढं कमांड मी देवनागरीतच लिहितोय, वाचायला सोपं जातं, स्क्रिप्टमध्ये अर्थातच नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायचं.

सगळ्यात आधी, हातात काय आलंय ते बघा

इफ कंडिशन बदलत बसू नका, बटणं बदलू नका. डायलॉग ज्या फंक्शनमधून येतो ते फंक्शन चालवून उत्तर एका व्हेरिएबलमध्ये घ्या आणि खालच्या दोन ओळी टाका:

$उत्तर.गेटटाइप().फुलनेम
@($उत्तर).काउंट

पहिल्या ओळीत सिस्टिम.विंडोज.फॉर्म्स.डायलॉगरिझल्ट आलं आणि दुसरीत १ आलं तर डायलॉगने आपलं काम नीट केलंय, चूक तुमच्या इफमध्ये आहे. सिस्टिम.ऑब्जेक्ट आणि त्यापुढं चौकोनी कंस आला, काउंट २ किंवा जास्त आला, तर फंक्शनमधून उत्तराबरोबर दुसरंही काहीतरी बाहेर पडतंय. नुसता इंट३२ (साधा आकडा) आला तर डायलॉग मेसेजबॉक्सचा नाही, पॉपअप किंवा प्रॉम्प्टफॉरचॉइसचा आहे, त्याचे नियम वेगळे. आणि पहिल्याच ओळीला नल (म्हणजे काहीच नसलेल्या) व्हॅल्यूवर मेथड कॉल करता येत नाही असा एरर आला तर उत्तर आलेलंच नाही, डायलॉग दिसलासुद्धा नसेल.

ह्या दोन ओळींनी निम्म्याहून जास्त वेळ वाचतो. मी त्या पहिल्या फोनलाच स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवल्या असत्या तर दुसऱ्या फोनला लगेच कारण कळलं असतं.

इफ मधली चूक

मेसेजबॉक्स जे परत देतो ते ट्रू किंवा फॉल्स नाही. ते डायलॉगरिझल्ट नावाचं एनम (ठरावीक नावांची यादी) आहे आणि त्याच्या प्रत्येक नावामागं एक आकडा आहे: नन ०, ओके १, कॅन्सल २, अबॉर्ट ३, रिट्राय ४, इग्नोर ५, यस ६, नो ७. हे आकडे विंडोजचे जुनेच आहेत, व्हीबीस्क्रिप्टच्या मेसेजबॉक्सलाही हेच यायचे. आता पॉवरशेलमध्ये शून्य सोडून कुठलाही आकडा ट्रू धरला जातो, म्हणजे कोणी इफ ($उत्तर) एवढंच लिहिलं असेल तर नो दाबल्यावर ७ येणार आणि ७ म्हणजे ट्रू. नो दाबा, यस दाबा, कॅन्सल करा, काम होणारच.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे इफ ($उत्तर = 'यस'). पॉवरशेलमध्ये एक बरोबरचं चिन्ह म्हणजे व्हॅल्यू भरणे, तुलना नाही. ह्या ओळीने उत्तरात यस भरला जातो, आधी आलेला नो पुसला जातो आणि कंडिशन कायम खरी. तुलनेला -ईक्यू लागतं. इफ ($उत्तर -ईक्यू 'यस') चालतं, पॉवरशेल उजवीकडच्या स्ट्रिंगचं स्वतःच एनम करून घेतं, पूर्ण लांबलचक नाव लिहायची गरज नाही.

माझ्या स्क्रिप्टमध्ये ह्या दोन्ही चुका नव्हत्या. माझ्यात होतं इफ ($उत्तर -एनई 'नो'), म्हणजे नो नसेल तर काढा. लिहिताना मला वाटलं बटणं दोनच आहेत, नो नाही म्हणजे यस. हीच ओळ पुढं सगळ्या घोळाचं मूळ निघाली.

फंक्शनमधून नकळत बाहेर पडणाऱ्या गोष्टी

हे नीट समजून घ्या, कारण सी शार्प किंवा जावावरून पॉवरशेलला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस इथं अडकतो. त्या भाषांमध्ये रिटर्नच्या पुढं जे लिहिलं तेवढंच फंक्शनबाहेर जातं. पॉवरशेलमध्ये रिटर्नचा अर्थ "हे दे आणि इथून बाहेर पड" एवढाच, आणि त्याच्या आधी फंक्शनमध्ये ज्या ज्या ओळीने काही आउटपुट दिलं आणि ते कोणी पकडलं नाही, ते सगळं एका मागोमाग एक फंक्शनच्या उत्तरात जमा होतं. एकच गोष्ट असेल तर ती तशीच येते, दोन किंवा जास्त असतील तर त्यांची यादी, म्हणजे अ‍ॅरे येतो.

माझ्या फंक्शनमध्ये डायलॉग दाखवायच्या आधी लॉग लिहायची सोय होती. महिन्याचं फोल्डर आहे का हे टेस्ट-पाथने इफमध्ये बघायचं, नसेल तर न्यू-आयटमने बनवायचं, मग त्यात अ‍ॅड-कन्टेन्टने एक ओळ लिहायची. मी आधी अ‍ॅड-कन्टेन्टवर संशय घेतला, ते निर्दोष निघालं, पासथ्रू दिल्याशिवाय ते काही बाहेर टाकत नाही. पण न्यू-आयटम मात्र जे फोल्डर बनवलं त्याचं ऑब्जेक्ट बाहेर टाकतं. तुम्ही कन्सोलवर हाताने न्यू-आयटम चालवलं तर फोल्डरचं नाव, तारीख वगैरे दिसतं ना, तेच.

आता हिशोब लावा. फोल्डर महिन्याचं. ते बनतं महिन्यातून एकदाच, महिन्यात पहिल्यांदा स्क्रिप्ट चालते तेव्हा. त्या दिवशी उत्तरात दोन गोष्टी आल्या, फोल्डरचं ऑब्जेक्ट आणि नो. बाकी सगळे दिवस एकच, नो किंवा यस. मी दुसऱ्या दिवशी जाऊन टेस्ट करायला बसायचो तेव्हा फोल्डर आधीच बनलेलं असायचं, मी कितीही वेळा नो दाबलं तरी फायली जागेवर. दोन्ही फोनच्या तारखा लॉगमध्ये शेजारी ठेवून बघितल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, दोन्ही तारखा १.

पण नुसता अ‍ॅरे आला म्हणून फायली का जाव्यात? कारण -ईक्यू आणि -एनई च्या डाव्या बाजूला अ‍ॅरे असेल तर ते ट्रू-फॉल्स देतच नाहीत, ते चाळणीचं काम करतात, जेवढे घटक कंडिशनमध्ये बसतात तेवढे परत देतात. [फोल्डर, नो] ह्याला -एनई 'नो' लावलं तर नो चाळणीतून गळतो आणि फोल्डर वर राहतं, आणि काहीतरी वर राहिलं म्हणजे इफच्या दृष्टीने ट्रू. दिवाणजींनी दाबलेला नो त्या चाळणीत गळून गेला आणि लॉगच्या फोल्डरने डिलीटला परवानगी दिली.

तुम्ही म्हणाल मग -ईक्यू 'यस' लिहिलं की संपलं. बरंचसं संपतं, तेच लिहायचं, पण पूर्ण नाही. फंक्शनमधून जर एखादा ट्रू बाहेर पडला, समजा टेस्ट-पाथ इफमध्ये न घालता नुसताच ओळीवर लिहिलाय, किंवा हॅशसेटचं अ‍ॅड वापरलंय जे ट्रू-फॉल्स देतं, तर उत्तर होतं [ट्रू, नो]. त्यावर -ईक्यू 'यस' लावलं की पहिल्या घटकाची तुलना होते ट्रू बरोबर 'यस'. डावीकडं बूलियन (ट्रू-फॉल्स) आहे म्हणून पॉवरशेल उजवीकडच्या स्ट्रिंगचं बूलियन करतं, आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग म्हणजे ट्रू. दोन्ही ट्रू, जुळलं, चाळणीत ट्रू वर राहिला, फायली गेल्या. हे स्वतः कन्सोलवर करून बघा, $ट्रू -ईक्यू 'यस' लिहून एंटर मारा, ट्रू येतं. मी बघितलं तेव्हा मला खुर्चीतून उठून एक चक्कर मारून यावं लागलं.

अ‍ॅरेलिस्टचं अ‍ॅडपण असंच, ते ट्रू देत नाही पण कितव्या नंबरला भरलं तो आकडा देतं, म्हणून पुष्कळ जणांच्या उत्तरात यस किंवा नोच्या आधी ०, १, २ असे आकडे दिसतात आणि ते कुठून आले कळत नाही.

मग फंक्शन कसं लिहायचं

जी ओळ आउटपुट देते पण ते आपल्याला नको, तिच्या पुढं $नल = लावा. [व्हॉइड] लावलं तरी चालतं, शेवटी पाइप देऊन आउट-नल लावलं तरी चालतं, मला $नल = आवडतं कारण ते ओळीच्या सुरुवातीलाच दिसतं आणि नंतर वाचणाऱ्याला लगेच कळतं की इथून काही बाहेर जाऊ द्यायचं नाहीये. स्क्रीनवर काही दाखवायचं असेल तर राइट-होस्ट वापरा, राइट-आउटपुट नको, राइट-आउटपुट सरळ उत्तरात जाऊन मिसळतं. नुसती अवतरणातली स्ट्रिंग ओळीवर लिहिली तरी तेच होतं.

काही जण $उत्तर[-१] करतात, म्हणजे शेवटचा घटक घ्यायचा, कारण रिटर्न शेवटी असतो. हे करू नका. उद्या कोणी फंक्शन साफ केलं आणि तिथं फक्त एखादी स्ट्रिंग परत यायला लागली तर [-१] त्या स्ट्रिंगचं शेवटचं अक्षर देईल, आणि मूळ गळती तशीच राहते ती वेगळीच.

माझं आता असं आहे, विचारणारं फंक्शन फक्त विचारतं. लॉग नाही, फोल्डर नाही, काही नाही. अ‍ॅड-टाइप -असेंब्लीनेम सिस्टिम.विंडोज.फॉर्म्स हे स्क्रिप्टच्या वर एकदाच, आणि फंक्शनमध्ये एकच ओळ, मेसेजबॉक्सचं शो. त्या शोला क्रमाने पाच गोष्टी देतो: मजकूर, टायटल, 'यसनो', 'वॉर्निंग', 'बटन२'. शेवटचं बटन२ फार महत्त्वाचं आहे आणि पुष्कळ जण ते देत नाहीत. ते दिलं की डायलॉग उघडताना फोकस नोवर असतो, म्हणजे चुकून एंटर लागला तर नो जातो. मार्चमध्ये हळदीची आवक जोरात असते तेव्हा दिवाणजी एकीकडं फोन, एकीकडं हमालांशी बोलणं आणि एका हाताने कीबोर्ड असे बसलेले असतात, तिथं डीफॉल्ट यस ठेवणं हा माझ्या मते गुन्हा आहे. यसनो प्रकारात वरची फुली बंद असते आणि एस्केपही चालत नाही, यस किंवा नो दाबायलाच लागतं. फुलीनेसुद्धा बंद करता यावं असं वाटत असेल तर यसनोकॅन्सल घ्या, मग फुली म्हणजे कॅन्सल.

आणि इफ असा:

इफ ($उत्तर -इज [सिस्टिम.विंडोज.फॉर्म्स.डायलॉगरिझल्ट] -अँड $उत्तर -ईक्यू 'यस')

-इज डाव्या बाजूच्या अ‍ॅरेला चाळत बसत नाही, ती अख्खी गोष्ट डायलॉगरिझल्ट आहे का एवढंच बघतं. अ‍ॅरे आला, फॉल्स. नल आला, फॉल्स. एकच, स्पष्ट यस आला तरच फायलींना हात लागतो. एल्समध्ये लॉगला लिहायचं की काय आलं होतं.

नल का येतो? अ‍ॅड-टाइप राहून गेलं तर टाइप सापडला नाही असा एरर येतो, पण स्क्रिप्ट तिथं थांबतेच असं नाही, नेहमीच्या सेटिंगला ती पुढच्या ओळीवर जाते, उत्तरात नल, आणि माझ्या जुन्या -एनई 'नो' च्या हिशोबाने नल म्हणजे नो नाही, म्हणजे काढा. डायलॉग दिसलाच नाही तरी डिलीट! डब्ल्यूपीएफवाला (खिडक्या बनवायची विंडोजची दुसरी पद्धत) सिस्टिम.विंडोज.मेसेजबॉक्स वापरणाऱ्यांना हे जास्त होतं, कारण आयएसई, म्हणजे पॉवरशेलबरोबर येणारं एडिटर, स्वतःच डब्ल्यूपीएफवर बांधलेलं आहे, तिथं त्याची प्रेझेंटेशनफ्रेमवर्क ही लायब्ररी आधीच लोड असते, आपल्याला वाटतं स्क्रिप्ट चालतेय, आणि साध्या कन्सोलमधून चालवली की टाइप सापडत नाही. म्हणून वर एररअ‍ॅक्शनप्रेफरन्स 'स्टॉप' करून ठेवा, निदान काढाकाढीच्या स्क्रिप्टला तरी. रिमूव्ह-आयटमने काढलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही हे ध्यानात असू द्या.

क्लास वापरला तर गळती होत नाही हे खरंय, पॉवरशेल ५ पासून क्लास आहेत आणि त्यांच्या मेथडमधून रिटर्नचंच बाहेर येतं. पण क्लासमध्ये विंडोज फॉर्म्सच्या टाइपचं नाव घेतलं की स्क्रिप्ट वाचतानाच एरर येतो, तोवर अ‍ॅड-टाइप चाललेलंच नसतं, मग दोन फायली करा वगैरे. एवढ्याशा कामाला मी तिकडं गेलो नाही.

मराठी बटणं हवी होती म्हणून

दिवाणजींचं म्हणणं पडलं की यस-नो ऐवजी "हो, काढा" आणि "नको, राहू दे" असं असावं. मागणी अगदी योग्य होती. मेसेजबॉक्सच्या बटणांवरचा मजकूर बदलता येत नाही, तो विंडोजच्या भाषेप्रमाणे येतो, मग स्वतःचा फॉर्म बनवावा लागतो, आणि इथं उत्तर हरवायच्या नवीन जागा तयार होतात.

पहिली, फॉर्म दाखवायला शोडायलॉग लागतं आणि ते स्वतःच एक डायलॉगरिझल्ट परत देतं. ते पकडलं नाही की ओके किंवा कॅन्सल तुमच्या उत्तरात येऊन बसतं, वरचीच गळती. दुसरी, बटणाच्या क्लिकमध्ये $निकाल = 'हो' लिहिलं तर तो निकाल क्लिकच्या ब्लॉकपुरताच राहतो, बाहेरचा निकाल रिकामाच. $स्क्रिप्ट:निकाल लिहिलं तर चालतं, पण त्याचीही गरज नाही. बटणाची डायलॉगरिझल्ट प्रॉपर्टीच 'यस' करून ठेवा, दुसऱ्याची 'नो', क्लिकचा कोड लिहूच नका. बटण दाबलं की फॉर्म आपोआप बंद होतो आणि शोडायलॉग तेच उत्तर देतो. $उत्तर = $फॉर्म.शोडायलॉग() आणि संपलं, पुढं तोच -इजवाला इफ. फुलीने बंद केलं तर कॅन्सल येतं, ते यस नाही, म्हणून काही होत नाही. "नको" बटणाचा टॅबइंडेक्स ० ठेवा म्हणजे फोकस त्याच्यावर राहील. फॉर्मचं टॉपमोस्ट $ट्रू करा, नाहीतर तो अकाउंटच्या सॉफ्टवेअरच्या खिडकीमागं लपतो आणि फोन येतो की स्क्रिप्ट अडकली.

तिसरी अडचण फक्त आपल्यासारख्यांची. बटणावर मराठीच्या जागी चित्रविचित्र अक्षरं आली. फॉन्ट बदलत बसू नका, कारण फाइल सेव्ह करण्यात आहे. विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल ५.१ हे बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंग सांगणारी खूण) नसलेली पीएस१ फाइल जुन्या एएनएसआय पद्धतीने वाचतं, आणि आजकालचे एडिटर बीओएमशिवाय यूटीएफ-८ सेव्ह करतात. सेव्ह करताना यूटीएफ-८ विथ बीओएम निवडा, मराठी नीट दिसेल. पॉवरशेल ७ ला ही अडचण नाही.

आकडा परत देणारे दोन डायलॉग

साताऱ्यात माझा एक मित्र कॉलेजची लॅब बघतो, त्याला संध्याकाळी मशिन बंद करायच्या आधी विचारायचं होतं, आणि कोणी खुर्चीवर नसेल तर डायलॉगने वाट बघत बसू नये. त्याला डब्ल्यूस्क्रिप्ट.शेलचा पॉपअप बरोबर बसतो, त्यात किती सेकंद थांबायचं ते देता येतं. प्रकार ३६ द्यायचा, ४ म्हणजे यस-नो आणि ३२ प्रश्नचिन्ह. उत्तर साध्या आकड्यात, यस ६, नो ७, आणि वेळ संपली तर -१. त्याने इफ ($उत्तर) लिहिलेलं, -१ पण शून्य नाही, म्हणजे ट्रू. त्याच्या बाबतीत कोणी नसताना मशिन बंद होणंच हवं होतं म्हणून महिनोन्‌महिने कळलं नाही, नो दाबूनही मशिन बंद झालं त्या दिवशी कळलं, मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं. तिन्ही आकडे वेगवेगळे तपासा.

प्रॉम्प्टफॉरचॉइस कन्सोलमध्ये विचारतं आणि पर्यायाचा नंबर देतं, मोजणी शून्यापासून. यस पहिला असेल तर यस म्हणजे ०, आणि ० म्हणजे फॉल्स, म्हणजे इथं इफ ($उत्तर) एकदम उलटं चालतं, यसला काही नाही आणि नोला सगळं. इफ ($उत्तर -ईक्यू ०) लिहा.

आणि स्क्रिप्ट फक्त आपल्यासारखे लोक कन्सोलवरून चालवणार असतील तर स्वतःचा डायलॉग बनवायचाच कशाला, फंक्शनला सपोर्ट्सशूडप्रोसेस आणि कन्फर्मइम्पॅक्ट हाय द्या, $पीएसकमांडलेट.शूडप्रोसेस() सरळ ट्रू किंवा फॉल्स देतं, -व्हॉटइफपण (काही न करता काय होईल ते नुसतं दाखवणारं) फुकटात मिळतं.

बॅच फाइल आणि टास्क शेड्युलर

दिवाणजी डेस्कटॉपवरच्या बॅच फाइलवर डबल क्लिक करतात. बॅचला उत्तर हवं असेल तर रिटर्न चालत नाही, एक्झिट लागतं, आणि पॉवरशेलला -फाइल देऊन बोलवायला लागतं. -कमांड देऊन बोलवलं तर तुमचा ७ बॅचपर्यंत १ होऊन पोचतो. मग बॅचमध्ये इफ एररलेव्हल ६ लिहू नका, त्याचा अर्थ ६ किंवा त्याहून जास्त असा आहे, ७ पण त्यात येतो, परत नोचा यस. %एररलेव्हल% ला दोन बरोबरची चिन्हं लावून ६ शी तुलना करा.

टास्क शेड्युलरमध्ये "युजर लॉग-इन असो वा नसो" हा पर्याय लावला असेल तर स्क्रिप्टला स्क्रीनच नसते, मेसेजबॉक्स एरर देतो, पॉपअप कोणाला न दिसता थांबून राहू शकतो. तिथं विचारूच नका. कॉपीचं काम शेड्युलरला द्या आणि काढायचं काम माणसाच्या हातात ठेवा, मी आता दोन वेगळ्या स्क्रिप्ट केल्यात.

टेस्ट करायला पुढच्या १ तारखेची वाट बघू नका. चालू महिन्याच्या लॉग फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, जुन्या पट्ट्यांच्या चार-पाच कॉपी एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून स्क्रिप्टचा रस्ता तिकडं वळवा आणि नो दाबा. मग हार्डडिस्क काढून नो दाबा, अ‍ॅड-टाइपची ओळ बंद करून चालवा, फुलीने बंद करा. मी हे दिवाणजींना शेजारी बसवून केलं, बटण त्यांनीच दाबलं. फोल्डर नवीन बनलं, लॉगमध्ये "नो आला, काही काढलं नाही" अशी ओळ पडली, आणि पाचही पट्ट्या जागेवर होत्या. त्यांनी त्या एकेक करून उघडून बघितल्या.